मीटर म्हणतोय लीन, प्लग म्हणतोय रिच

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्यांच्या शेजारी आमचं ट्यूनिंगचं शेड. एप्रिलमध्ये निपाणीकडची एक १६०० सीसी पेट्रोल गाडी ट्रेलरवर आली. ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी, ५० हॉर्सपॉवर वाढवणारा नायट्रसचा वेट किट बसवलेला. नायट्रस म्हणजे इंजिनाला जादा ऑक्सिजन देणारा वायू, आणि वेट म्हणजे त्याबरोबर जेटमधून, मापाच्या बारीक भोकातून, जादा पेट्रोलही सोडणारा. मालक म्हणाले, "पाच हजारच्या पुढं नायट्रसवर फडफडतंय ओ. मीटर लीन दाखवतोय म्हणून एकानं पेट्रोलचा जेट मोठा घातला, तर जास्तच झालं."

डायनोवर, म्हणजे जागेवरच पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, घेतली. मीटरचा आकडा म्हणजे एक भाग पेट्रोलला किती भाग हवा. आकडा चढला की लीन, उतरला की रिच. नायट्रसवर मला आकडा १२ च्या आत लागतो. हा १५ वर गेला. पोऱ्या लगेच, "दादा, पेट्रोल अजून वाढवूया की." त्याची भीती खोटी नव्हती, नायट्रसवर लीन म्हणजे पिस्टनला भोक. पण नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी भडकल्याचा, आवाज कुठंच नव्हता, गाडी नुसती फटफट करत होती. लोडवरच इग्निशन बंद करून प्लग काढले. चारही काळेकुट्ट, ओलसर. पिस्टन वितळत असल्याची खूण, ॲल्युमिनियमचा चकाकता कण, एकावरही नाही.

मीटरचा वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. ठिणगी पडलीच नाही तर सगळा ऑक्सिजन न जळता बाहेर येतो, आणि पेट्रोलनं ओथंबलेल्या इंजिनालाही मीटर लीन म्हणतो. फिलर गेज घातला, प्लगच्या टोकांमधला गॅप १.१ मिमी. नायट्रसनं सिलिंडरातला दाब वाढला की एवढी फट ठिणगीला झेपत नाही, त्यात मिश्रण इतकं दाट. एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, प्लग घातले, गॅप ०.७. फडफड गेली आणि मीटर १०.३ वर आला. मग तो थोरला जेट काढला, ११.८ मिळाले.

टायमिंगला, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पाडायची त्याला, फार डोकं लावावं लागलं नाही. नायट्रसवर मिश्रण लवकर जळतं, म्हणून ५० हॉर्सपॉवरला ठिणगी दोन डिग्री मागे, म्हणजे उशिरा, हा आमचा ठोकताळा. एक डिग्री पुढं घेऊन बघितली. पॉवर वाढेना, मग फुकटचा धोका कशाला? परत मागे.

दुपारी पत्रा तापला आणि आकडा पुन्हा १३ कडे सरकला. पोऱ्या प्लगपाना घेऊन तयारच. पण आता फडफड नव्हती. बाटलीचा गेज बघितला, ११०० पीएसआय! ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहतच नाही, बाटलीतला दाब नुसता चढत जातो. नायट्रस जास्त, पेट्रोल तेवढंच. हे मात्र खरंखुरं लीन. ओलं पोतं गुंडाळून बाटली ९५० वर आणली, आकडा जागेवर आला.

मालक खूश. "आता ७५ चे जेट घालूया की ओ!"

"घालूया. आधी क्लचचा वास घेऊन बघा."

त्यांनी वाकून वास घेतला आणि नवीन क्लचची किंमत विचारली.