‘तुमच्या बालगृहात एवढी मुलं येतात, एखादं आम्हाला दत्तक का नाही देत?’

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, बँकेच्या रांगेत विचारलाय, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण हातात देता देता विचारलाय. विचारणाऱ्या बायका वाईट नसतात. बहुतेकींच्या मागे दवाखान्याच्या फायली असतात, सासरची बोलणी असतात. मी दरवेळी "नियम असतात हो" एवढं म्हणून विषय बदलत आले. यंदा एका ओळखीच्या बाईंनी पुढे जोडलं, "तुम्हा लोकांना द्यायचीच नसतात. ती पोरं तिथे सडली तरी चालतात." ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि ते अजून गेलेलं नाही. तर आता तुम्ही विचारलंतच म्हणून एकदा सगळं सांगते.

आधी नागपूर स्टेशनावरच्या मुलांच्या मदत केंद्रात आणि मग एका बालगृहात समुपदेशक म्हणून माझी १४ वर्षं गेली. या काळात बिन आईबापाचं मूल फलाटावर क्वचितच भेटलं. आईबाप आहेत, पण आज, या गाडीत, सोबत नाहीत, असं मूल रोज भेटायचं. मार खाऊन निघालेलं. नापास होऊन निघालेलं. ठेकेदाराने "चल, मुंबई दाखवतो" म्हणून बसवलेलं आणि टीसी दिसताच सोडून दिलेलं. आई सुरतेला, बाप वीटभट्टीवर, आजी आंधळी, म्हणून आईला शोधायला एकटंच निघालेलं. रेल्वे सुरक्षा दलाने ७ वर्षांत ८४ हजारांहून जास्त मुलं गाड्यांतून आणि फलाटांवरून सोडवली, ही बातमी २०२४ मध्ये आली तेव्हा मला दोन दिवसांत ११ फोन आले. "८४ हजार! मग आम्हाला एक नाही?" अहो, ती ८४ हजार मुलं कुणाची तरी आहेत.

कायदा थोडक्यात सांगते. मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत ते बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. पुढे ते कुठे राहील, हे समिती ठरवते, मी नाही. घर शोधायचं, जाहिरात द्यायची, पोलिसांची पत्रं मागवायची. काहीच हाती लागलं नाही तर दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाला चार महिन्यांत दत्तकासाठी मुक्त जाहीर करता येतं. त्यानंतरही ते मूल माझ्या ओळखीने कुणाला मिळत नाही. देशभराची एकच यादी आहे, तिच्यात ३० हजारांहून जास्त पालक थांबलेत आणि वर्षाला दत्तक जाणारी मुलं साडेचार हजारांच्या आसपास. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी काय केलं ते ऐका.

२०१७ च्या मे महिन्याची अखेर, नवतपा, म्हणजे उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू झालेला. हावड्याकडून आलेल्या गाडीच्या जनरल डब्यातून पोलिसांनी एक मुलगा आणला. वय पाचेक वर्षं. अंगात निळी चड्डी, कमरेला काळा करदोटा, ओठ फुटलेले. रडत नव्हता. डब्यातल्या कुणालाच तो कुणासोबत होता ते माहीत नव्हतं. मी त्याच्यासमोर खाली बसले, नाव विचारलं मराठीत, हिंदीत, थोड्याफार येणाऱ्या छत्तीसगढीत. तो माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणाला, "बाबा दाक्."

शेवटचा क् घशात अडकल्यासारखा, अर्धवट तुटलेला. मला ऐकू आलं, "बाबा दाख..." बाबा दाखव. घाबरलेल्या पोराने "व" गिळला असेल.

मी खूश झाले. मराठी पोरगं! म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याकडचं असणार, आठ दिवसांत घर सापडेल. त्याला कडेवर घेऊन मी खिडकीशी गेले आणि "दाखवते हं, बाबा दाखवते" म्हणत फलाटावरचा एकेक माणूस दाखवला. तो पुन्हा म्हणाला, "दाक्." मी त्याला चित्रांचं पुस्तक दाखवलं. मोटार दाखवली. "दाक्." मी मोटारीला चावी दिली. शेवटी मावशींनी सगळ्यांना द्यायचं म्हणून त्यालाही पाणी दिलं, तर दोन्ही हातांनी पेला धरून एका दमात प्यायला. पेला खाली ठेवला आणि परत म्हणाला, "बाबा दाक्."

त्याच्या फाइलमध्ये माझ्या हातची ओळ आहे: ‘मराठी बोलतो. वडिलांना दाखवा अशी मागणी करतो.’ खाली आणखी एक: ‘घराजवळ ओढा असल्याचे सांगतो.’ त्या दोन ओळींवर आम्ही पाच महिने शोध केला. गोंदिया, भंडारा, बालाघाट, जिथे जिथे म्हणून ओढा आहे तिथल्या पोलीस ठाण्यांना फोटो गेले. नाव तो सांगत नव्हता, किंवा सांगत होता आणि आम्हाला ते नाव वाटत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला एक मराठी नाव ठेवलं. हरवलेल्या मुलांच्या पोर्टलवर त्याच नावाने त्याची नोंद झाली.

याच काळात माझी भावजय, म्हणजे चुलत भावाची बायको, त्या यादीत तीन वर्षांपासून थांबलेली होती. राखीच्या सुमारास मी तिला बालगृहात खाऊ वाटायला बोलावलं. खाऊ वाटायला, असं मी रजिस्टरला लिहिलं. मी तिला तो मुलगा दाखवायला बोलावलं होतं, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि मावशींनाही कळलं होतं. ती दर रविवारी यायला लागली. तो तिच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून बसायचा, तिला काकी म्हणायचा. तिने विचारलं, "ताई, होईल ना?" मी म्हणाले, "बघते मी."

या दोन शब्दांचं मला आजही स्पष्टीकरण देता येत नाही. यादी डावलता येत नाही, हे मी इतरांना शिकवत होते. पण त्या वेळची मी माझ्याशी वाद घालते आणि तिची बाजूही कच्ची नाही. ती म्हणते, चार महिने उलटले, एकही माणूस विचारत आला नाही, म्हणजे टाकूनच दिलंय. ती म्हणते, बालगृहात ४० मुलांमागे रात्री एक मावशी असते, आणि त्या पोराला रात्री दचकून उठायची सवय होती. ती म्हणते, मूल वाढायला कागद लागत नाही, माणूस लागतो. मी तिला एवढंच उत्तर देऊ शकते की तू त्याचं ऐकलं नव्हतंस. त्यावर ती म्हणते, मी रोज ऐकत होते.

समितीपुढे त्याला मुक्त जाहीर करायचे कागद गेले. तिथल्या एका सदस्य बाईंनी ते परत पाठवले. शेरा होता, ‘मुलाच्या मातृभाषेची खात्री केली का?’ मी बाहेर येऊन त्यांना नाही नाही ते बोलले. फाइल स्वच्छ होती, मराठी असं लिहिलेलं होतं, आणखी काय खात्री करायची? एका शब्दापायी त्यांनी पोराचं घर अडवलं, असं मी चार जणांना सांगत फिरले. त्यांची माफी मी अजून मागितलेली नाही.

दिवाळीनंतर बालगृहासमोर एका इमारतीचं काम सुरू झालं. एका दुपारी मावशी मला शोधत आल्या. "मॅडम, या पोट्ट्याले त्या लोकायचं बोलनं समजते बाप्पा. जेवाले बलावलं तरी गजाचा हात सोडत नाही." मी जाऊन बघितलं. तो खिडकीच्या गजांना धरून उभा होता. समोर मचाणावर दोन मजूर आपसात बोलत होते. तो त्यांना हाक मारत नव्हता, रडत नव्हता, नुसता मान तिरकी करून ऐकत होता, लांबून रेडिओ ऐकावा तसा.

त्यातल्या एकाला मी आत बोलावलं. तो झारखंडचा, घाटशिलाकडचा संथाळ आदिवासी. मुलाशी तो पाच मिनिटं बोलला. मूल आधी गप्प, मग एक शब्द, मग दोन, मग त्याने त्या माणसाच्या सिमेंटने भरलेल्या पायावर स्वतःचा पाय ठेवला. मजूर माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "दाक् म्हणजे पाणी, मॅडम. ओड़ाक् म्हणजे घर. तो म्हणतोय, बाबा पाणी आणायला उतरला."

ओड़ाक्. माझा ओढा.

त्यांची भाषा संथाळी, ती २००३ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत आली. म्हणजे कागदावर जो मान माझ्या मराठीला, तोच त्या भाषेला. लाखो लोक ती बोलतात. हावड्याहून येणाऱ्या गाड्या टाटानगर-चक्रधरपूरवरूनच नागपूरला येतात, त्या पट्ट्यातली माणसं रोज आमच्या फलाटावर उतरतात. आणि आमच्या केंद्रात ती भाषा ओळखेल असं कुणीही नव्हतं. मला ‘कळलं नाही’ असं लिहिता आलं असतं. भाषेच्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह टाकलं असतं तरी कुणीतरी विचारलं असतं. मी ‘मराठी’ लिहिलं, आणि ते पुसायला कुणाला सुचलं नाही.

पाच महिन्यांत सरकारी पत्रांनी जे झालं नाही ते त्या मजुराने नऊ दिवसांत केलं. मुलाने सांगितलेलं बाजाराचं नाव, एका डोंगराचं नाव आणि मोबाईलवर गावोगाव फिरलेला एक फोटो. बाप जिवंत होता. रायपूरच्या फलाटावर बाटली भरायला उतरला आणि गाडी निघाली. तिसऱ्या दिवशी एका स्टेशनावर त्याने तक्रार दिली होती. तिथे लिहून घेणाऱ्याने वय आठ लिहिलं आणि नाव स्वतःला जमलं तसं. आमच्या पोर्टलवर वय पाच आणि नाव मराठी. दोन्ही नोंदी सरकारच्याच, पण त्या कधी एकमेकींना भेटल्या नाहीत.

तिकडच्या जिल्ह्याचा गृहभेट अहवाल, प्रधानाचं पत्र, बापाची कागदपत्रं येईपर्यंत जानेवारी उजाडला. बाप आला तेव्हा मुलगा मावशींच्या मागे लपला. साडेसात महिन्यांत तो भराभर मराठी बोलायला लागला होता. बाप त्याच्याशी बोलत राहिला, पोरगं बघत राहिलं. मग ते मावशींना म्हणालं, "पाणी पाहिजे." बापाने माझ्याकडे बघितलं. त्याला तो शब्द कळला की नाही, मला ठाऊक नाही, पण आपल्या मुलाचं बोलणं समजून घ्यायला तो माझ्या तोंडाकडे बघत होता, हे मी विसरत नाही.

पेला मी बापाच्या हातात दिला. मुलगा पुढे आला, पाणी प्यायला आणि पिता पिता त्याची नजर बापाच्या डाव्या हातावर गेली. मनगटाच्या वर गोल डागांची एक ओळ होती. सिक्का म्हणतात त्याला, त्यांच्यात मुलग्यांना चटके देऊन उमटवतात. मुलाने पेला सोडून एकेका डागावर बोट ठेवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग उलट. मग तो तिथेच, बापाच्या मांडीवर बसला.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. भावजय त्या रविवारी आली नाही. तिला मी फोनवर सांगितलं, तेव्हा ती इतकंच म्हणाली, "बरं झालं, ताई. पण मला बोलवायचंच नव्हतं तुम्ही." पुढे चार वर्षं ती माझ्या घरी आली नाही. तिला मूल मिळालं नाही, आता वयाच्या अटीत ती बसत नाही. तुमच्यापैकी ज्या मला तो प्रश्न विचारतात त्यांच्यात मला तिचाच चेहरा दिसतो, आणि म्हणून मी तुटक उत्तर देते. ‘बघते’ हा शब्द मी तेव्हापासून कुणालाही दिलेला नाही.

आणि हेही सांगते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बापाचा फोन आला, गाडी नागपूरला थांबणार आहे, मुलगा सोबत आहे. मी डबा घेऊन स्टेशनावर गेले. मुलगा १२ वर्षांचा, उंच झालेला. मराठी एक शब्द येत नव्हता. हसला, पाया पडला. मी हिंदीत विचारलं, शाळा? बाप म्हणाला, "छुट्टी है, मॅडम." ऑगस्टात कसली सुट्टी. मुलाच्या पाठीवरच्या पिशवीतून थापीचा दांडा बाहेर आलेला होता.

चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामावर नेता येत नाही, हे मला माहीत आहे. १०९८, मुलांच्या मदतीची हेल्पलाइन, माझ्या मोबाईलमध्ये पहिल्या नंबरवर आहे. हाकेच्या अंतरावर रेल्वे पोलीस उभा होता. एक फोन केला असता तर तो मुलगा त्या रात्री पुन्हा बालगृहात झोपला असता, आणि त्याच्या बापाने पुन्हा कुठल्यातरी टेबलासमोर उभं राहून आपलं मूल मागितलं असतं.

गाडी सुटली. मी फोन केला नाही. भावजयीला यातलं काहीच सांगितलेलं नाही.