अकरा महिने कद्दिश

बाबा गेले त्या दिवशी दफन होईपर्यंत मी प्रार्थनेची एक ओळही म्हटली नाही, आणि तसे न म्हणणे आमच्या यहुदी धर्मशास्त्राला धरूनच होते हे मला पुष्कळ नंतर कळले. मृत्यू आणि दफन यांच्या मधल्या काळात जवळच्या नातेवाइकाला ‘ओनेन’ म्हणतात. त्याने दफनाची तयारी पाहायची. तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी पेट्या, बांधण्याचे किंवा नित्याच्या प्रार्थनेचे बंधन त्याच्यावर नसते. मी ठाण्यात वाढलेला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातला. शुक्रवारी संध्याकाळी घरात लागणारे दिवे आणि दरफाळनीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पूरचा, उपास एवढाच धर्म माझ्याकडे उरला होता. आपला देवावर विश्वास आहे का, हा प्रश्न मी स्वतःला कधी नीट विचारलाही नव्हता. अशा माणसाकडून त्या घटकेला शास्त्राने काहीच मागितले नाही, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मागणे दफनानंतर सुरू झाले. आईवडिलांसाठी सदरा डाव्या बाजूला, हृदयावर, फाडतात. तो फाटका सदरा घालून सात दिवस शिव्आसाठी, म्हणजे सुतकासाठी, खाली बसलो, तीस दिवस पाळले आणि अकरा महिने कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणण्याचे आईला कबूल केले. अकराच का, याचे कारण सिनॅगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांनी सांगितले. मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात दुष्टांना गेहिन्नोमची, म्हणजे नरकाची, शिक्षा बारा महिने असते असे म्हटले आहे. मुलाने पूर्ण बारा महिने कद्दिश म्हटला तर आपला बाप दुष्ट होता असे त्यानेच ठरवल्यासारखे होईल, म्हणून एक महिना आधी थांबायचे.

कद्दिश अरामी भाषेत आहे. बाबांच्या प्रार्थनापुस्तकात तो देवनागरीत उतरवलेला एक कागद होता, घडीवर विरलेला, जोडाक्षरांखाली पेन्सिलीने रेघा ओढलेला. आजोबा गेले तेव्हा बाबांनी त्याच कागदावरून तो पाठ केला असावा. ‘यितगद्दल वेयितकद्दश शमे रब्बा’, त्याचे महान नाम थोर आणि पवित्र मानले जावो. पुढेही सगळी स्तुतीच. मृत्यूचा, मेलेल्या माणसाचा, दुःखाचा त्यात एक शब्दही नाही. ज्याने आत्ताच माझे माणूस नेले त्याची थोरवी मी रोज दहा माणसांपुढे गायची, हे मला पहिले दोन महिने जवळजवळ असह्य झाले. आपण रोज सकाळी उभे राहून खोटे बोलत आहोत, असे वाटे.

शेवटी मी हे सिनॅगॉगमधल्या एका वयस्कर काकांना सांगितले. ‘तुझा विश्वास बसेपर्यंत बापाला थांबवून ठेवणार आहेस का?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि मग तालमूद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातले एक वचन समजावले: माणूस आज दुसऱ्याच कारणासाठी करत असला तरी त्याने करत राहावे, कारण तसे करता करताच तो त्या कर्मासाठी म्हणून करू लागतो. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी आमच्या पूर्वजांनी देवाच्या आज्ञांना दिलेले उत्तरही ‘नाआसे वेनिश्मा’ असेच होते. आम्ही करू आणि ऐकू, करणे आधी. मला एकदम कोकणातले आमचे तेली पूर्वज आठवले. हिब्रू विसरली, ग्रंथ राहिले नाहीत, ‘शमा इस्राएल’ एवढे वचन तोंडी उरले; पण शनिवारी घाणा फिरला नाही, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. आज आम्ही यहुदी आहोत ते त्या न फिरलेल्या घाण्यामुळे, असे मी मनापासून मानतो.

काकांनीच मला पायऱ्यांचा विचार दाखवला. रब्बी पिन्हास बेन याईर यांच्या नावावर तालमूदमध्ये गुणांची एक शिडी आहे, एक गुण पुढच्या गुणाकडे नेणारा. पादुआचे मोशे हाईम लुझ्झात्तो यांनी तिच्यावर रचलेला ग्रंथ 1740 मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. सावधपणा ही सुरुवातीची पायरी, तत्परता तिच्या पुढची. वर निर्मळपणा, नम्रता, आणि टोकाला पावित्र्य. वरच्या पायऱ्यांविषयी मी बोलू नये. पण तत्परतेच्या प्रकरणात ते म्हणतात की बाहेरची हालचाल आतली हालचाल जागी करते, आणि ते मी अनुभवले. पहाटे उठणे माझ्या हातात होते, श्रद्धा नव्हती. मग मी उठण्याकडे लक्ष दिले.

1948 नंतर आमचे बहुतेक लोक इस्राएलला गेले, त्यामुळे कामाच्या दिवशी दहाजण जमणे कठीण. जुलैतल्या एका सकाळी आम्ही नऊच होतो. दहावा नसेल तर कद्दिश म्हणता येत नाही. अर्धा तास पाऊस ऐकत बसलो आणि न आलेल्यांवर मनातल्या मनात चिडत राहिलो. मग दारात रिक्षा थांबली आणि ते काका उतरले, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, ताप उतरून दोनच दिवस झालेले. ते काही बोलले नाहीत. टोपी सारखी करून जागेवर उभे राहिले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. त्या दिवशी ‘शमे रब्बा’ म्हणताना माझा आवाज फुटला. आपण ज्याची स्तुती करतो तो कुठे असेल, या प्रश्नाने त्या सकाळी मला प्रथमच चीड आणली नाही.

अकरावा महिना संपला तेव्हा मला सुटल्यासारखे वाटेल अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी जाग आली, आणि आता जायचे कारण उरलेले नाही हे मला सिनॅगॉगच्या पायऱ्या चढताना लक्षात आले. आत नुकतीच आई गेलेला एक तरुण उभा होता. त्याने ‘यितगद्दल’ म्हणायला सुरुवात करताच सवयीने माझे ओठ हलले, मी ते मिटले आणि त्याचे वाक्य संपायची वाट पाहून इतरांबरोबर ‘आमेन’ म्हटले.