एक मिलिलिटर

दुपारी टेबलाचा खालचा खण आवरताना जुन्या पावत्या, वाळलेली पेने आणि कशाच्या तरी किल्ल्या यांच्या तळाशी सुई नसलेली एक मिलिलिटरची सिरिंज हाती लागली. तिच्यावरचे आकडे पुसट झाले होते; पण टोकाशी प्लास्टिक कुरतडल्याच्या बारीक खुणा इतक्या स्पष्ट होत्या की खण आवरणे तिथेच थांबले. खारीच्या पिल्लाला खालचे दात आधी फुटतात, वरचे नंतर. आणि दात आल्याचे पहिले वर्तमान, पिल्लाचे डोळे उघडण्याच्याही आधी, सिरिंजलाच कळते.

झाडावरून पडलेले पिल्लू घरात आले की घरातली झाडून सगळी माणसे एकदम अन्नदाते होतात. कोणी वाटीभर दूध आणते, कोणी फळाची फोड चिरून ठेवते, आणि ज्याच्या अंगावर अजून लवही नाही अशा त्या गुलाबी जिवाभोवती पंगत मांडली जाते. ‘याला खायला काय द्यायचे?’ हा प्रश्न ऐकला की माझ्या कपाळावर आठी पडते, हे मला ठाऊक आहे आणि ती घालवण्याचा मी आता प्रयत्नही करत नाही. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी त्याला ऊब द्यायची, मग सुकलेले असेल तर जलसंजीवनीचे कोमट थेंब, आणि दुधाचा विचार त्यानंतर.

हा क्रम मला आजोबांनी शिकवला. म्हणजे शिकवला असे नाही, त्यांनी आम्हाला नुसते तिष्ठत ठेवले. पिल्लू सापडले की ते त्याला मऊ सुती फडक्यात गुंडाळून स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवत आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने वर्तमानपत्र वाचत बसत. आम्ही मुले दुधाची वाटी धरून समोर उभी. “आजोबा, त्याला भूक लागली असेल हो,” असे कोणी म्हणाले की ते चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, “आधी अंग तापू दे त्याचं. वाटी ठेवून ये.” पिल्लू चांगले उबदार झाले, त्याला कुठे लागलेले नाही याची खात्री पटली, की ते त्याला फडक्यासकट एका उघड्या खोक्यात ठेवत, खोके त्याच झाडाच्या बुंध्याशी नेत आणि आम्हाला खिडकीच्या आत डांबून ठेवत. माणसाचा हात लागलेले पिल्लू आई टाकून देते, ही समजूत त्यांच्या गावीही नव्हती आणि ती खरीही नाही. खार दिवसा वावरणारा प्राणी असल्यामुळे हा उद्योग उजेडीच करायचा असतो, एवढेच पथ्य.

एकदा ती आई आलेली मी पाहिली. मागचे पाय घोट्यातून पाठीमागे वळवून, नखे सालीत रोवून, ती डोके खाली करून बुंध्यावरून उतरली. दोन-तीनदा परत वर पळाली. शेवटी खोक्यात शिरून तिने पिल्लाला तोंडात धरले, तोंडातल्या तोंडात फिरवून पकड नीट केली आणि पिल्लाने तिच्या गळ्याभोवती स्वतःची गुंडाळी करून घेतली. क्षणात दोघे फांद्यांत दिसेनासे झाले. आजोबांनी समाधानाने पान उलटले. आम्ही मात्र हिरमुसलो, कारण नावावरून आमचे भांडण होऊन एकमत नुकतेच झाले होते.

आई येत नाही तेव्हा मात्र सिरिंज आली. पुढे मोठेपणी या कामाची मला सवय झाली आणि प्रेमाला वजनकाटा लागतो, हे पटले. सर्वसाधारण हिशेब असा की एका वेळचे दूध पिल्लाच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असावे. वीस ग्रॅमचे पिल्लू असेल तर एक मिलिलिटर, आणि डोळे उघडेपर्यंत दर दोन-तीन तासांनी. एक मिलिलिटर म्हणजे किती थोडे, हे पाहुण्यांना पटवणे हे दूध पाजण्यापेक्षा अवघड असते. “अजून थोडं घालू का?” नको. गाईचे दूधही नको. खारीच्या आईचे दूध स्निग्धांश आणि प्रथिनांनी दाट असते. गाईच्या दुधाने पिल्लाचे पोट फुगते, जुलाब होतात आणि एवढ्याशा देहातले पाणी संपायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर बरी.

पिल्लू कधीही उताणे धरू नये. त्याला उभट, किंचित पुढे झुकलेले धरले की ते पुढचे दोन्ही पंजे वर आणते, चार-चार बोटांनी सिरिंजला मिठी मारते आणि असे ओढू लागते की दट्ट्यावरचा आपला अंगठाच मागे खेचून ठेवावा लागतो. इथे घाई झाली तर नाकपुडीवर दुधाचा बुडबुडा येतो. तो बुडबुडा ज्याने पाहिला आहे त्याला पुढचे सांगायला नको: डोके खाली, नाक पुसणे, आणि दूध फुप्फुसात तर गेले नसेल ना म्हणून पुढचा दिवसभर त्याच्या श्वासाला कान लावून बसणे. पाजून झाले की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच चोळायचे, कारण एवढे लहान पिल्लू स्वतःहून शू-शी करत नाही. आई चाटते तेव्हा होते. हौसेने पिल्लू मागणारे बहुतेक जण या मुद्द्यापाशी घड्याळ पाहू लागतात.

खारीची जुनी चित्रे पाहतानाही मला हा कापूस आठवतो. जर्मन चित्रकार होल्बाइनने 1526 ते 1528 च्या सुमारास रंगवलेली ती पांढऱ्या टोपीतली स्त्री आणि अमेरिकन चित्रकार कॉप्ली याने 1765 मध्ये रंगवलेला आपला सावत्र भाऊ, दोघांजवळही खार आहे, दोन्ही खारी साखळीला बांधलेल्या आहेत आणि दोघीही कठीण कवचाचे फळ कुरतडत आहेत. साखळी मला आवडत नाही, पण खरे सांगायचे तर त्या फळावर माझा अधिक राग आहे. खार म्हटली की दाणे, हे समीकरण चित्रकारांनी आणि आपण सर्वांनी मिळून इतके घट्ट केले आहे की पाळलेल्या खारीला शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बियांशिवाय काही मिळतच नाही. त्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. वाढत्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात, ते मागचे पाय ओढत चालू लागते, म्हणजे चक्क मुडदूस होतो. पालेभाजी, कोवळे उन्ह आणि कुरतडायला समुद्रफेस, म्हणजे माकुळाचे कॅल्शियमयुक्त हाड, हे चित्रात शोभणार नाही कदाचित. खारीला मात्र शोभते.

अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने लंडनमध्ये असताना अमेरिकेहून मागवून एका परिचित कुटुंबाला एक खार भेट दिली होती. मुंगो तिचे नाव. पिंजऱ्यातून निसटलेली ती खार कुत्र्याच्या तोंडी सापडली, तेव्हा 1772 मध्ये त्या घरातल्या जॉर्जियाना नावाच्या मुलीला त्याने सांत्वनाचे पत्र लिहिले आणि सोबत खारीचा मृत्युलेखही रचून पाठवला. त्याचे थट्टेतले तात्पर्य असे होते की अधिक स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी, मग ते प्रजाजन असोत, मुलगे असोत, मुली असोत की खारी, बंधन वाटते ते संरक्षणही असू शकते हे ओळखावे. पुढे चारच वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करताना या गृहस्थाला मुंगोची आठवण झाली होती का, हे विचारायला मला आवडले असते.

मला ते तात्पर्य पटत नाही, पण त्यातली भीती पटते. दूध सुटलेले, झाडावर चढता येणारे पिल्लू पिंजऱ्यासह बाहेर ठेवून, काही दिवस तिथला वारा आणि आवाज त्याच्या सवयीचे करून मग दार उघडे टाकतात, तेव्हा कुत्री, मांजरे आणि ससाणे सगळे आपापल्या जागी असतातच. तरी दार उघडायचे. सुरुवातीला ते रात्री झोपायला परत येते, मग एक दिवस येत नाही. आणि हाताळायला मिळावे म्हणून वयात आलेली खार घरात ठेवणाऱ्यांना ती कधी ना कधी कडकडून चावते, ते रास्तच आहे.

आमच्या खिडकीसमोरच्या झाडावर आता बऱ्याच खारी आहेत. घरातले लोक रोज वेगळ्याच खारीकडे बोट दाखवून “तीच ती” असे छातीठोकपणे सांगतात. मी वाद घालत नाही.