चाक आधी आलं

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं माझ्या जिवावर येतं. आदल्या दिवशी सगळं इंदूर राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला लोटलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक चेनीत, फ्रीव्हीलमध्ये, ब्रेकच्या तारेत गुलाल भरलेल्या सायकली घेऊन रामबागेत माझ्या दारात उभे राहतात. गुलाल आणि ग्रीस एकत्र आलं की जो काला होतो, तो डिझेलनेही लवकर सुटत नाही.

गेल्या वर्षी पहिलं गिऱ्हाईक आलं ते हातात नुसतं चाक घेऊन. बुऱ्हाणपूरचा मुलगा, मागच्या गल्लीत खोली घेऊन राहतो, भंवरकुआँला क्लासला जातो. पुढचं चाक, त्याला डिस्क ब्रेकची तबकडी, आणि आऱ्यांमध्ये अजून नंबरवालं केबल लॉक अडकलेलं. मला वाटलं पंक्चर असेल.

"काका, याला सायकल मिळेल का?"

मी हसलो. तो हसला नाही, तेव्हा कळलं.

गेर बघायला जाताना त्याने सायकल घरमालकांच्या फाटकाला बांधली होती. बांधली म्हणजे पुढचं चाक बांधलं. ते चाक क्विक रिलीजचं. चोराला ना कटर लागला, ना करवत. खटका उलटा केला, चाक धरणारा चिमटा उचलला आणि मागच्या चाकावर हातगाडीसारखी ढकलत नेली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि असतं तरी त्या दिवशी रंगाने माखलेला माणूस कुणाला ओळखू येणार?

खरं सांगतो, मला चोरापेक्षा त्या लॉकचाच राग आला. वर जाड प्लास्टिक, आत शिवणाच्या दोऱ्याएवढ्या तारा. बोल्ट कटर लावला की एक 'कट' असा आवाज येतो, बस. गिऱ्हाईक पंधरा हजारांची सायकल घेतं आणि लॉकला दीडशे रुपये काढताना घासाघीस करतं. यू लॉक दाखवलं की म्हणतं, "केवढं जड आहे!" अरे, जड आहे म्हणूनच तर! मागच्या चाकाला घोड्याच्या नालासारखं बसणारं रिंग लॉक असतं, ते मला आवडतं, पण एकटं नाही. सायकल खांबाला बांधलेली नसेल तर उचलून टेम्पोत टाकायला किती वेळ लागतो? लॉक फ्रेममधून, मागच्या चाकातून आणि जमिनीत रोवलेल्या कशाततरी असं तिन्हीतून गेलं पाहिजे. आणि पुढचा खटका काढून तिथे नटाचा एक्सल टाका. पाना घेऊन फिरणारे चोर खटकावाल्यांपेक्षा कमी असतात.

मुलगा संध्याकाळीच ठाण्यात जाऊन आला होता. तिथे विचारलं, किंमत किती? पोरगं सरळ. म्हणालं, सीनियरकडून साडेचार हजारांत घेतली, बिल नाही. झालं! 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्याच्या हातात अदम चेकचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद पडला. फ्रेम नंबरच्या रकान्यात आडवी रेघ.

"काका, सायकलला नंबर असतो?"

मी एक सायकल उलटी केली आणि पॅडलच्या आसाखाली, जिथे चिखल बसतो तिथे, फडक्याने पुसून ठोकलेले आकडे दाखवले. तो बघत राहिला. मग चाक खुंटीला टांगून, "कुणाला लागलं तर विका," म्हणून निघून गेला.

सहाच्या सुमाराला गुरुजी आले. आमच्या आळीतली निम्मी लग्नं, मुंजी, वास्तुशांती त्यांनीच केल्या. माझ्या मुलीचंही लग्न त्यांनीच लावलं. मागे त्यांचा मुलगा, आणि त्याच्या खांद्यावर पुढचं चाक नसलेली सायकल.

"दहावीची परीक्षा झाली की घेईन म्हटलं होतं याला. अटालेवाल्याकडे, भंगारात, अकराशेत मिळाली. फक्त चाक टाकायचंय." आणि मान वर करून म्हणाले, "ते टांगलंय ते बसेल का रे?"

मी काही बोललो नाही. बोलणार काय? चाक काढलं, चिमट्यात बसवलं. तबकडी ब्रेकच्या फटीत अशी गेली की पाना लावावा लागला नाही. पण एका मापाच्या शंभर सायकली असतात, त्यावरून काही ठरत नाही. मग माझं लक्ष रंगाकडे गेलं. चिमट्याच्या डाव्या पायावर हिरव्या पिचकारीची एक तिरपी रेघ होती, खाली येऊन एकदम तुटलेली. टायरवरही हिरवं होतं. मी चाक हळूहळू फिरवलं. एका जागी रेघ चिमट्यावरून उतरली, टायरवर गेली, दोन आऱ्यांवरून पुढे सरकली, आणि त्या दोन आऱ्यांच्या मधोमध, जिथे सकाळी केबल होती तिथे, बोटभर जागा कोरी.

गुरुजींनाही दिसलं. सांगावं लागलं नाही.

"चाकाशिवाय सायकल कशी आली, हे विचारलं नाहीत?" मी म्हणालो.

"तू विचारतोस? 'काळा रंग मारून द्या' म्हणून येतात तेव्हा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षांत मी किती सायकलींचा रंग बदलला असेन, त्याचा हिशोब नाही, आणि एकालाही 'का' म्हणून विचारलेलं नाही. जाणूनबुजून चोरीचा माल घेणं हाही गुन्हाच. पण 'जाणूनबुजून' न होऊ देण्याची हातोटी आम्हा सगळ्यांना साधलेली असते.

बुऱ्हाणपूरच्या मुलाला बोलावून घेतलं. गुरुजींच्या मुलाचा चेहरा मला बघवत नव्हता; तो आधीच गिअर मोजून बसला होता. पुढचं थोडक्यात: आम्ही अटालेवाल्याकडे गेलो, तो म्हणाला, "भिया, अपन तो कबाड़ लेते हैं, आधार कार्ड नहीं," आणि बऱ्याच वादानंतर सातशे परत दिले. उरलेले चारशे त्या विद्यार्थ्याने देऊ केले, गुरुजींनी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात जाऊन सायकल मिळाल्याचं लिहून देऊन आला. मी त्याला नटाचा एक्सल टाकून दिला, मजुरी पूर्ण घेतली.

त्याच दिवशी दोनशे पानी वही आणली. जी सायकल दुकानात येईल ती उलटी करायची, नंबर लिहायचा, मग पाना हातात घ्यायचा. काही गिऱ्हाइकं हसतात. दोघं जण "राहू द्या" म्हणून सायकल घेऊन परत गेले.

आठवड्याने गुरुजी त्यांची जुनी अ‍ॅटलस घेऊन आले. "हिचाही लिही." मी सीटच्या नळीवरचा गंज खरवडला. काळ्याखाली हिरवा रंग निघाला, हिरव्याखाली लाल. आकड्यांच्या जागी कानस फिरवल्यासारखा गुळगुळीत पट्टा होता.

"कुठून घेतली होती?" मी विचारलं.

"आमच्या बाबांनी घेतली. याच दुकानातून, तुझ्या वडिलांकडून."

मी वहीत लिहिलं: अ‍ॅटलस, काळी, नंबर दिसत नाही.