नवऱ्याची वही

बाळंतपणाच्या तयारीच्या क्लासची हौस माझी नव्हती, नवऱ्याची होती. सातवा महिना लागला तसा हा एक दिवस कोरी वही घेऊनच घरी आला. "सहा रविवार आहेत, दोघांनी मिळून जायचं असतं." मला रविवारी दुपारी पाय वर करून पडायचं होतं. शिवाय इतकी वर्षं मी श्वास घेतेच आहे, तो पुन्हा कशाला शिकायचा?

पहिल्या दिवशी गोल करून आठ जोड्या बसलेल्या. बायका पाठीला उशा लावून ऐसपैस, आणि नवरे परक्याच्या घरी पहिल्यांदा आल्यासारखे मांड्यांवर हात ठेवून. शिकवणाऱ्या ताईंची निम्मी नोकरी लेबर रूममध्ये गेलेली. त्यांनी पिशवीतून कंबरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा काढला, एक कापडी बाहुली काढली आणि ती त्यातून बाहेर काढून दाखवली. बाळ सरळ खाली घसरत येत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं. आत शिरताना त्याचं तोंड एका बाजूला असतं, खाली येताना ते आईच्या पाठीकडे वळतं आणि डोकं बाहेर आलं की परत बाजूला, म्हणजे खांदे निघतात. जिन्यातून कपाट उतरवतात तसं. नवऱ्याने वहीत खरोखरच कपाट काढलं.

दुसऱ्या रविवारी बर्फ. मुठीत खडा धरायचा आणि एक मिनिट सोडायचा नाही, कारण ऐन भरात कळ साधारण तेवढीच टिकते. मी चाळीस सेकंदांत टाकून दिला. हा पठ्ठ्या मिनिटभर धरून बसला, वर विजयी मुद्रा. ताई म्हणाल्या, "छान. आता असंच दर तीन मिनिटांनी, दहा तास." मुद्रा उतरली.

श्वासाचे प्रकार लामाझ पद्धतीचे. फेर्नां लामाझ हे फ्रेंच डॉक्टर १९५१ साली सोव्हिएत रशियात गेले होते, तिथलं पाहून त्यांनी ही पद्धत आणली, हेसुद्धा वहीत आहे. कळा पाच मिनिटांनी, एकेक मिनिटभराची, आणि असं तासभर चाललं की निघायचं, हे लाल शाईत. पाणी हिरवट गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर कळांची वाट न बघता लगेच निघायचं, हे दोनदा अधोरेखित. कंबर दाबायला मात्र वही चालेना. माकडहाडाच्या वर जे सपाट हाड असतं, तिथे तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवून जोर द्यायचा. हा आपला हळूच बोटं लावतोय. ताई मागून ओरडल्या, "दारावरची बेल वाजवताय का? अंग घाला!"

शेवटच्या रविवारी बाहुलीला आंघोळ घालण्यात पाऊण तास गेला आणि सिझेरियनला उरली वीस मिनिटं. "वेळ आलीच तर डॉक्टर सांगतील सगळं." वहीत दीड ओळ.

तारीख उलटून चौथ्या रात्री मला कळा सुरू झाल्या. लेबर रूममध्ये हा माझ्या कानाशी, "आत... दोन, तीन... सोड..." तिसऱ्या कळेला मी म्हटलं, तू एकदम गप्प बस. तो बसला. गप्प बसून त्याने कंबर दाबली. किती तास, मला सांगता येणार नाही, पण हात काढला की माझी किंकाळी निघायची. सहा क्लासांमधलं तेवढंच मला त्या रात्री उपयोगी पडलं.

गर्भपिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं. माझी गाडी सहावर अडली ती अडलीच, आणि पहाटे प्रत्येक कळेला बाळाचे ठोके खाली जायला लागले. कागदावर सही केली, पाठीत इंजेक्शन घेतलं आणि समोर हिरवा पडदा आला. दुखत नव्हतं. पण कुणीतरी माझ्या पोटात दोन्ही हात घालून बॅग उपसतंय हे मला स्वच्छ कळत होतं, आणि अंग इतकं थरथरत होतं की दातांवर दात वाजत होते. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय आणि हे लोक आपल्याला सांगत नाहीयेत. नर्स म्हणाली, ओढल्यासारखं वाटतं आणि थंडीही वाजते, बहुतेकींना होतं. बस, एवढं एक वाक्य! बाहुलीच्या आंघोळीतली पाच मिनिटं त्यासाठी निघाली नसती?

मला टाके घालत असताना बाळ बाहेर नेलं. मला खोलीत आणलं तेव्हा हा खुर्चीत मागे रेलून बसला होता, शर्टाची सगळी बटणं उघडी, छातीवर चादरीखाली आमची लेक. वहीतल्या दीड ओळीतली अर्धी ओळ हीच होती: "आई ऑपरेशन थिएटरमध्ये असेल तर बाळ माझ्या उघड्या छातीवर." ऊब राहते, श्वास आणि ठोके संथ होतात, म्हणून.

पुढचे दोन आठवडे मी नापास झाल्यासारखी वागले. कुणी "नॉर्मल का?" विचारलं की विषय बदलायचे. टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला बगलेत धरून, पाय पाठीमागे जातील असं पाजायचं असतं, हेही एका नर्सनेच दाखवलं. तिसऱ्या महिन्यात ताईंना लांबलचक मेसेज टाकला, त्यात जरा चिडचिडही होती. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "शेवटच्या रविवारी येऊन तूच सांग."

गेले. पडदा, थरथर, पाठीतली सुई, पहिल्यांदा उठून उभं राहताना टाक्यांवर उशी कशी दाबायची, सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं घेतली. मग मागच्या बाजूच्या एका नवऱ्याने वहीतून डोकं वर काढून विचारलं, "बटणांऐवजी चेन असली तर चालेल का?"