साउथ रोनाल्डसे: वाळूवरची नांगरणी

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर, कर्कवॉल शहरातून साउथ रोनाल्डसे बेटावरच्या सेंट मार्गारेट्स होप गावाला जाणारी बस चार बांधांवरून जाते. दोन्ही बाजूंना समुद्र. १९३९ च्या ऑक्टोबरात जर्मन पाणबुडीने या बेटांमधल्या स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरून ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. त्यानंतर चर्चिलच्या आदेशाने बेटांमधल्या समुद्री वाटा बुजवल्या गेल्या. त्या कामावर इटालियन युद्धकैदीही राबले. आज त्याच बांधांवरून ऑर्कनीच्या मुख्य बेटावरून साउथ रोनाल्डसेला थेट गाडीने जाता येतं.

मी निघाले होते ते ऑगस्टमधला घोड्यांचा उत्सव बघायला. इथे घोडे होतात मुलं, बहुतेक मुलीच.

गावातल्या हॉलमध्ये त्या रांगेत उभ्या होत्या. माझ्यासमोरची मुलगी असेल सात-आठ वर्षांची. अंगात काळा कोट, त्यावर मणी, चकचकीत बटणं आणि ब्रोच इतके दाटीने शिवलेले की कापड शोधावं लागत होतं. गळ्याभोवती घोड्याच्या जोखडासारखा उंच पट्टा, डोक्यावर सजवलेली टोपी, कमरेमागे रिबिनी गुंफलेली शेपटी. बुटांवर केसांची झालर होती, कारण क्लाइड्सडेल जातीच्या घोड्यांच्या खुरांवर तसे लांब केस असतात. परीक्षक वाकून एकेक टाका बघत होत्या आणि ती पोर ताठ उभी. छातीवरचा एक ब्रोच पणजीचा आहे, असं तिच्या आजीने मला सांगितलं. हे साज घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात आणि प्रत्येक पिढी त्यात काहीतरी टाचते. कलादालनांत मी बरीच सादरीकरणं पाहिली आहेत, पण अंगावर इतका इतिहास घेऊन, इतकं मन लावून उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

नागपूरकडचा तान्हा पोळा आठवलाच. तिथे मूल लाकडी बैल सजवून आणतं; इथे मूलच घोडा होतं.

दुपारी सगळे सँड्स ओ’ राइटच्या किनाऱ्यावर गेलो. आता नांगरणीच्या स्पर्धेत मुलग्यांची पाळी होती. प्रत्येकाला ओल्या वाळूचा साधारण चार फुटांचा चौकोन आखून दिलेला, आणि हातात लोखंडी नांगर: फाळ, दांडा, दोन मुठी, सगळं खऱ्यासारखं, फक्त छोटं. पूर्वी काठीला बैलाचा खूर बांधून मुलं नांगरायची. पुढे लोहारांनी असे नांगर घडवले. तेही वारशानेच येतात. पोरं वाकून, पाऊल मोजून पुढे सरकत होती. फाळामागे वाळू एका अंगाला उलटत होती, नांगराच्या एका तासाला दुसरं तास चिकटत होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि शेतातून घोडे गेले. त्याआधी घोडे हाकणाऱ्या तरुणांची इथे गुप्त मंडळी असायची. रात्री शपथ देऊन नव्या गड्याला ‘हॉर्समन्स वर्ड’, म्हणजे घोड्याला वश करणारा शब्द, दिला जाई. इतका मान असलेलं काम एका पिढीत संपलं. त्याचं शिस्तीतलं वळण मात्र या किनाऱ्यावर मुलांच्या हातात शाबूत आहे, आणि ते मला कुठल्याही संग्रहालयापेक्षा मोलाचं वाटलं.

निकालाआधी एक म्हातारे शेतकरी एका मुलाशेजारी गुडघ्यावर बसले आणि तिसरं तास कुठे वाकलं ते बोटाने दाखवू लागले. मुलगा वाद घालत होता. त्याच्या मते वाकलं होतं ते चौथं.