पेटी क्र. ३: मादीचा गंधार आणि माझं शहाणपण

गेल्या वेळी लिहिलं होतं की पेटी तीन, म्हणजे दुरुस्तीची तिसरी हार्मोनियम, जवळजवळ झाली. झाली नव्हती. मादीतला (वरच्या सप्तकाच्या संचातला) पांढरी तीनचा सूर, म्हणजे तिथली कंप पावणारी पितळी जीभ, रोज सकाळी उतरलेला. संध्याकाळी नराशी (मधल्या सप्तकाच्या संचाशी) जुळवून ठेवायचा आणि सकाळी प्रार्थनेला नाडगीत (कर्नाटकाचं राज्यगीत) धरलं की सेकंदाला तीन लाटा; दोन सूर नीट जुळले नाहीत की आवाज असा लहानमोठा होतो. पोरांना कळत नाही असं समजू नका. सातवीतली एक नेमकी त्याच जागी नाक मुरडायची.

पहिला संशय पावसावर. खानापूरकडचा आषाढ म्हणजे डब्यातले पापड वातड होतात, तिथे पेटीच्या लाकडाची काय कथा! फळीचे स्क्रू आवळले, कातडं बदललं. काही फरक नाही. मग जिभेचं टोक खरवडलं. टोक हलकं झालं की सूर चढतो, रिव्हेटजवळ खरवडलं की उतरतो. चढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन लाटा. पुन्हा खरवडलं. असं चार वेळा. (ऑनलाइन मागवलेल्या बारीक कानशी घेऊ नका, आठवड्यात बोथट. करवतीच्या तुटक्या पात्याला धार लावून केलेली पट्टी शंभर पटीने बरी. ट्यूनर अ‍ॅपही मादीच्या सुराला कधीकधी भलत्याच सप्तकात धरतं.)

गुरुवारी मधल्या सुट्टीत सूर काढून खिडकीपाशी बघत बसलो होतो. चौथीतला एक आला.

"काय बघूलाय ओ गुरुजी?"

"रुसलाय हा."

त्याने वाकून पाहिलं. "ह्येच्यावर खडू हाय की ओ! फळा पुसल्यागत पुसा की."

भिंग लावलं. टोकावर पांढरी साय! पेटी ठेवतो फळ्याखाली, भाता तिथलीच हवा ओढतो, दमट दिवसांत भुकटी चिकटते. मादीची जीभ एवढीशी, तिला तेवढं वजनही भारी. पंधरा वर्षं त्या फळ्यावर खडू मीच झिजवतोय.

स्पिरिट लावून मऊ ब्रशने पुसला, बसवला, ऐटीत पट्टी दाबली. सूर इतका चढलेला की लाटा मोजता येईनात. येणारच! चार दिवस खडूच्या वजनाची भरपाई मी पितळ काढून करत होतो. रिव्हेटकडे खरवडून खाली आणला, जुळला; पण जीभ आता दोन्हीकडून पातळ, भाता जरा जोरात मारला की आवाज बसतो. पेटीवादक रामभाऊ विजापुरे मास्तरांच्या बेळगावात असली पेटी घेऊन कुणासमोर बसणार? पालिताण्याचा (गुजरातेत पेटीचे सूर बनतात ते गाव) एक सुटा सूर मागितला, तर विक्रेता म्हणतो पूर्ण संच घ्या. एका किडक्या दातासाठी कवळी!

खर्ज (खालच्या सप्तकाचा संच) मात्र झकास लागलाय. काळी एकला खर्ज-नर धरून ठेवले, एक लाट नाही. शिपाईमामा कुलूप हातात घेऊन ऐकत उभे राहिले.

मार्चमध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ पेटीदुरुस्ती करण्याबद्दल लिहिलं होतं. ते तूर्त राहू द्या. शुक्रवारी सातवीला ध्वनी शिकवताना दोन सूर मुद्दाम बेसूर लावले. पोरांनी डोळे मिटून बोटांवर लाटा मोजल्या. नाक मुरडणारीचं उत्तर माझ्याही आधी आलं. आता जुळवताना तिला शेजारी बसवतो, माझे कान विश्रांती घेतात.

पुढचं काम: भात्याच्या भोकांवर मलमल. लिहितानाच सुचतंय, आधी फळ्याखाली, दारात, खिडकीत आणि ऑफिसात मलमलीचे तुकडे टांगावेत. शनिवारी सकाळच्या शाळेत पोरं भिंगाने बघतील, मग पेटीची जागा ठरेल.

आणखी एक. नवा सूर बसवायचाच आहे, तर तो नैसर्गिक गंधारावर, म्हणजे सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली लावू का? नाडगीत आम्ही पांढरी एकातच म्हणतो, तिथे पांढरी तीन हाच गंधार. पण मग पांढरी सहाचा पंचम रडेल, तोही याच सुरावर येतो. कुणी करून पाहिलंय?

आणि मादीचा पांढरी तीन सुटा पडून असेल तर कळवा. बदल्यात नराचे दोन देतो, स्वच्छ पुसून.